उद्घाटन राहिलेला उतार

‘धप्प’ असा एक आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. ओहोटीची वेळ होती. जड लाकूड मऊ चिखलावर पडलं की होतो, तसा तो आवाज. कोण पडलं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं, तर पडलेलं लाकूड मीच होतो.

तिथपासूनचं मला सगळं आठवतं. त्याआधी अकलोलीच्या बाजूच्या रानात मी सागाचं झाड होतो म्हणे. असेन. झाड असताना लाकूड जरा ऐटीतच असतं, त्या वयातलं फारसं ध्यानात राहत नाही.

मी एक फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळेची पायरी मी कधी चढलो नाही, शाळेत जाणारे मास्तर मात्र माझ्यावरून चढून गेले. अंजूरच्या खाडीवर केसरीनाथच्या वडिलांची तर होती. तर म्हणजे माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. होडी लागली की तिच्या कडेवर माझं एक टोक ठेवायचे आणि दुसरं चिखलात टाकायचे. मग माझ्यावरून माणसं उतरायची आणि दुसरी चढायची. केसरीनाथ तेव्हा लहान होता. दोर बांधायचं आणि सोडायचं काम त्याच्याकडे असे, आणि ते तो फार पटकन करी.

माझ्यावरून कोण गेलं नाही? पाट्या घेतलेल्या कोळणी गेल्या. नव्या चपला हातात धरून नवरदेव गेले. बकऱ्या गेल्या, पण त्यांना मागून ढकलावं लागे आणि त्या माझ्याकडे फार संशयानं बघत. एक म्हातारा कुबड्या टेकत यायचा. तू कसा चढणार, असं त्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. सगळे चढत तसाच तोही चढायचा, फक्त सावकाश. मागचे थांबायचे. तरीवर थांबण्याशिवाय दुसरं काही करताच येत नसे, म्हणून तेव्हाची माणसं शहाणी दिसायची.

पुढे पूल झाला. पुलाला भरती नाही, ओहोटी नाही, त्याच्यापुढे आमचं काय चालणार? होडी कुजली. केसरीनाथ मोठा झाला, त्याच्या शेताच्या जागी गोदामं उभी राहिली आणि लोक त्याला केसरीनाथशेठ म्हणू लागले. त्यानं मला टाकून दिलं नाही. गोदामाच्या दारात नेऊन ठेवलं.

तिथे हमाल मला तख्ता म्हणत. “अरे, तख्ता लगाओ,” असं कुणी ओरडलं की माझं एक टोक ट्रकमध्ये आणि दुसरं जमिनीवर. कापडाच्या गाठी पाठीवर घेऊन माणसं माझ्यावरून धावत जात. भिवंडीचं कापड अंगावर हलकं लागतं, पण गाठीत बांधलं की किती जड होतं ते मला विचारा. मग हमालांच्या जागी यंत्र आलं. ट्रक थेट ओट्याला लागायला लागले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि एके दिवशी कुणीतरी मला आडवा करून माझ्यावर चहाचे ग्लास ठेवायला सुरुवात केली. मला वाईट वाटलं नाही. म्हातारपणी कुणीतरी गरम काही जवळ ठेवतंय, एवढं पुरे.

त्या गोदामात रूपा यायची.

रूपा ही केसरीनाथच्या चुलतभावाची मुलगी. भाऊ गेला, त्याची बायको धोंडूबाई आणि रूपा मागे राहिल्या. लहानपणी आलेल्या तापात रूपाच्या पायांतलं बळ गेलं. आता ती चांगली चाळिशीला आली आहे आणि चाकांच्या खुर्चीतून फिरते. मागावरच्या कापडाचे उरलेले तुकडे ती केसरीनाथच्या गोदामातून नेते आणि गावातल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांच्या गोधड्या आणि पिशव्या शिवते. तुकडे निवडताना तिचे हात इतक्या भराभर चालतात की मला वाटतं, पायांच्या वाटचं बळ तिकडेच गेलं असावं.

एकदा केसरीनाथ तिला म्हणाला, यंदाच्या घरोघरच्या उद्योगांच्या परिषदेत पहिलं भाषण तुझं. तालुकाभरातून बायका येणार, खारबावकडच्याही येणार. तुझं काम बघून त्या उभ्या राहतील.

रूपा तुकडे निवडत राहिली. मग म्हणाली, “गेल्या वर्षीसारखं उचलनार असाल तर मी येत न्हाय.”

गेल्या वर्षीचं मला तिथेच कळलं. परिषद गावातल्या हॉलमध्ये होती, यंदाही तिथेच. हॉल लग्नाचा, स्टेज कमरेइतकं उंच, आणि वर जायला पायऱ्या. मंडळाच्या चार पोरांनी रूपाला खुर्चीसकट उचललं. पोरं चांगली होती, मनानंही आणि हातापायांनीही. पण चौघांची उंची सारखी नव्हती. खुर्ची कलली, रूपा घसरायला लागली, तिनं एकाची मान धरली, आणि तेवढ्यात फोटो निघाला. पेपरात तो छापून आला. त्यात चौघांचे हसरे चेहरे होते आणि रूपाची एक चप्पल तेवढी दिसत होती. वर नेऊन तिला शाल दिली, नारळ दिला. माईक काही दिला नाही. नारळ मांडीवर धरून ती संध्याकाळपर्यंत वर बसून राहिली, कारण खाली आणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

“तसं न्हाय करनार गो,” केसरीनाथ म्हणाला.

“मग वर यायची वाट करा. बाकीचे आपापले वर जातात, तशी मी जाईन.”

केसरीनाथनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्याची नजर चहाच्या ग्लासांखाली पडलेल्या माझ्यावर आली. हे सगळं माझ्या कर्तबगारीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. मी फक्त तिथे आडवा होतो. पुष्कळांचं नशीब असंच उघडतं.

मला टेम्पोत घालून हॉलवर नेलं. रुंदी कमी पडत होती, म्हणून पॅकिंगच्या पेट्यांची गोरी लाकडं माझ्या दोन्ही अंगांना जोडली. ती परदेशातून आलेली, नुसती चकचकीत आणि वजनानं पोकळ. पण पोरं गुणी निघाली, मी सांगितलं तशी घट्ट बसली. मग केसरीनाथनं मला ट्रकला लावतात तसं स्टेजला लावलं. म्हणजे जवळजवळ शिडीसारखं.

रूपानं खालून वर पाहिलं.

“हमाल ह्याच्यावरून गाठी घेऊन धावत चढायचे,” केसरीनाथ म्हणाला. “तू तर फुलासारखी हलकी हायस.”

“हमाल पायांनी चढायचे, काका.”

केसरीनाथ मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. मग रूपा म्हणाली, “तुम्ही बसा माझ्या खुर्चीत. हातांनी वर जाऊन दाखवा.”

ती धोंडूबाईच्या आधारानं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली आणि केसरीनाथ चाकांच्या खुर्चीत. शर्ट नीट केला, जसा काही फोटो निघणार आहे. चाकं फिरवली. थोडासा माझ्यावर आला, आणि थांबला. ना पुढे, ना मागे. त्याचे दंड थरथरत होते ते मला कळत होतं.

“आता?” त्यानं विचारलं.

“आता हात सोडू नका,” रूपा म्हणाली.

त्यानं घाम पुसायला एक हात सोडला. खुर्ची गर्रकन फिरली आणि उलटी जी सुटली, ती हॉलच्या कोपऱ्यातल्या रचलेल्या खुर्च्यांवर जाऊन आदळली. शेठला काही लागलं नाही. धोंडूबाईनं तोंडाला पदर लावला, पण पदरातून काय हसू लपतं?

“भावजी,” ती म्हणाली, “खाडीत जलमभर कवा पडला न्हाईत, अन् जमिनीवर बुडालात.”

“हसू नका, वयनी,” केसरीनाथ म्हणाला, आणि स्वतःच हसत सुटला. हा त्याचा गुण मी तरीच्या दिवसांपासून बघतोय. चुकतो खूप, पण रुसत नाही.

मग मला लांब करायचं ठरलं. या वयात. खाली टेकू दिले, पुढे आणखी लाकडं जोडली, दोन्ही बाजूंना कठडे ठोकले, आणि मी इतका लांबलो की माझं खालचं टोक पाहुण्यांच्या सोफ्यांपर्यंत गेलं. सोफे हलवावे लागणार होते. हॉलमधले मानाचे सोफे हलवणं म्हणजे देवळातला देव हलवण्यासारखं. समितीत त्यावर बराच वाद झाला. शेवटी सोफे मागच्या भिंतीला गेले, कारण मी वाकू शकत नव्हतो आणि समिती वाकू शकत होती.

रूपानं पुन्हा खुर्ची आणली. हळूहळू, न थांबता, कुणाचा हात न लागता ती वर गेली. वर पोचल्यावर तिनं खुर्ची वळवली आणि रिकाम्या हॉलकडे बराच वेळ पाहत बसली. धोंडूबाई खाली उभी होती. ती तिला हाक मारणार होती, पण तिनं मारली नाही.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण माझा धनी केसरीनाथ. नवी हातगाडी घेतली तरी नारळ फोडल्याशिवाय तो तिला चाक फिरवू देत नाही. घरात नळ आला तेव्हा पहिल्या पाण्याला त्यानं हळदीकुंकू वाहिलं होतं. मग माझ्यासारखा उतार तसाच कसा सोडायचा?

माझ्यावर हिरवा गालिचा घातला. दोन्ही कडांना कुंड्या ठेवल्या. त्यामुळे मी पुन्हा अरुंद झालो, तेव्हा रूपानं निरोप पाठवून त्या काढायला लावल्या. पायथ्याशी मुलींनी सुंदर रांगोळी काढली आणि तिच्यावर पाय पडू नये म्हणून एक माणूस उभा केला. माझ्या डोक्यावर फलक लागला. ‘दिव्यांग बंधुभगिनींसाठी खास सोय,’ आणि खाली केसरीनाथचा हात जोडलेला फोटो. फलक माझ्यापेक्षा मोठा होता. एवढ्यावर भागलं असतं, पण केसरीनाथचा पुतण्या कुणाल, जो सूत्रसंचालन करणार होता, त्याला आणखी एक सुचलं. ठाण्याचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्या हस्ते या उताराचं उद्घाटन करू. केसरीनाथनं लगेच फोन करून पाहुण्यांना शब्द दिला.

म्हणून परिषदेच्या दिवशी सकाळी माझ्या पायथ्याशी, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, गुलाबी फीत बांधलेली होती. जवळ तबक, तबकात कात्री, कात्रीलाही छोटी फीत.

बाजूच्या पायऱ्या मोकळ्या होत्या. पायऱ्यांचं उद्घाटन आजवर कुणी केलेलं नाही.

रूपा लवकर आली. फीत बघून थांबली. धोंडूबाईनं विचारलं, हे काय बांधलंय? कुणालनं समजावून सांगितलं, की पाहुणे आले की कापायची, पाचच मिनिटं. पाहुणे तेव्हा मानकोलीच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकले होते. भिवंडीत जो ट्रकमागे अडकतो, तो पाच मिनिटं म्हणतो, आणि ऐकणारा ते खरं धरत नाही.

हॉल भरत गेला. खारबावकडच्या बायका आल्या. त्यांनी आल्या आल्या रूपाला सांगितलं, की दुपारच्या गाडीनं आम्हाला परत जायलाच हवं, ती चुकली तर थेट संध्याकाळ. तुझं भाषण पहिलं आहे म्हणून तर आलो. रूपानं मान हलवली.

मग बाबू आला. बाबू अकलोलीजवळच्या पाड्यावरचा. बांबूच्या टोपल्या विणतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्यालाही दुपारी बोलायचं होतं. डाव्या अंगाला सोपा उतार केलाय असं रूपानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो वाट बघायला, म्हणजे काठीनं चाचपायला, निघाला. रांगोळीजवळचा माणूस “अहो, अहो” म्हणेपर्यंत बाबू रांगोळीतून पार झाला, त्याची काठी माझ्यावर ठकठकली, आणि फीत त्याच्या छातीला लागली. तो तसाच पुढे आला. गाठ सुटली आणि फीत त्याच्या खांद्यावर पडली.

“कोनी कपडे वाळत घातल्यात का इथं?” बाबूनं विचारलं.

पुढच्या रांगा हसल्या. केसरीनाथ धावत आला. बाबूला त्यानं हाताला धरून खाली आणलं, फीत उचलली आणि एका क्षणात पुन्हा बांधली. तरीवरचे हात होते ते, गाठ मारायला अजून वेळ लागत नाही. “बाबू, बघून तरी चालायचं,” तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली.

“मला फीत दिसली न्हाय, शेठ,” बाबू शांतपणे म्हणाला. “तुमाला मी दिसलो न्हाय. फिटाफिट झाली.”

वेळ जात राहिला. चहा झाला. दुसरा चहा झाला. केसरीनाथ दर थोड्या वेळानं रूपाकडे सरबताचा ग्लास घेऊन यायचा आणि ती नको म्हणायची. त्याला वाटलं, पोर रागावली आहे. खारबावच्या बायका एकमेकींच्या मनगटावरची घड्याळं बघायला लागल्या. शेवटी समितीनं ठरवलं, दीप पाहुणे आल्यावर लावू, भाषणं सुरू करा. कुणालनं माईकवर पहिलं नाव पुकारलं, रूपाताईंचं.

टाळ्या वाजल्या. रूपा फितीसमोर येऊन थांबली. टाळ्या थांबल्या, तरी ती तिथेच.

केसरीनाथ खाली वाकून म्हणाला, माईक खाली आणतो, इथूनच बोल. रूपा म्हणाली, बाकीचे वरून बोलणार आणि मी खालून? मागे बसलेल्या बायकांना मी दिसेन तरी का? ते खरं होतं. बसलेल्या माणसांच्या गर्दीत खुर्चीतली रूपा तिसऱ्या रांगेलाही दिसली नसती. मग कुणीतरी म्हणालं, उचलून घेऊ पटकन, दोन मिनिटांचं काम. मंडळाची पोरं उठलीही. गेल्या वर्षीचीच होती, अजून उंच झाली होती.

“आजच्या दिवस, रूपा,” केसरीनाथ म्हणाला. “मी पाहुन्यांना शबूद दिलाय. आपलीच पोरं हायत, सांभाळून नेतील.”

रूपानं खुर्ची वळवली. मला वाटलं, गेली. चाकं दाराच्या दिशेला झाली होती. धोंडूबाई उठून उभी राहिली आणि तिनं रूपाची पिशवीसुद्धा उचलली, कारण आईला आधी कळतं. खारबावच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. रूपा थोडी पुढे गेली, थांबली, आणि मान वळवून तिनं विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण हॉल तेव्हा इतका शांत होता की तो मागच्या सोफ्यांपर्यंत गेला असावा.

“काका, ही वाट माझ्यासाठी केली, का पाहुन्यांसाठी?”

 केसरीनाथनं तबकाकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला केसरीनाथ हात जोडून हसत होता. खालचा हसत नव्हता. कुणालनं घाईघाईनं सांगितलं, की साहेबांची गाडी फाट्याला आली, आता अगदी आलेच, फोन आला होता.

“येऊ दे,” केसरीनाथ म्हणाला.

तो फितीपाशी गेला आणि त्यानं गाठ सोडली. कात्री घेतली नाही. आपणच बांधलेली गाठ त्यानं आपल्याच बोटांनी सोडली, फीत गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. मग बाजूला होऊन उभा राहिला. त्याला आणखी काही करायचं सुचेना, म्हणून त्यानं वाकून रांगोळीची पुसलेली कड हातानं नीट करायला घेतली. ती नीट व्हायची नव्हती. रूपाची चाकं त्याच रांगोळीतून गेली आणि पांढऱ्या रेषा माझ्यावर घेऊन आली.

गालिच्याला मध्ये एक वळी पडली होती. तिथे चाक अडलं. कुणाल ढकलायला धावला. “मला नको, गालिचा धर,” रूपा म्हणाली. त्यानं धरला. ती पुढे गेली. मी जुनं लाकूड, कुरकुरायची सवय आहे, पण त्या वेळी मी दम धरला. ती वर पोचली, माईक खाली ओढला आणि बोलायला लागली.

काय बोलली ते मी सगळं सांगू शकणार नाही. मला गोधडीतलं फार कळत नाही. एकेक तुकडा कुणाच्याच कामाचा नसतो, पण शेजारी शेजारी ठेवून शिवला की हिवाळा निघतो, असं काहीतरी ती म्हणाली. आपापल्या घरात एकट्या शिवत बसू नका, एकत्र या, असं म्हणाली. खारबावच्या बायका घड्याळं विसरल्या. मग ती समितीकडे वळली. पडद्यावर चित्रं दाखवाल तेव्हा त्यात काय आहे ते कुणीतरी बाबूला सांगा. पुढच्या वर्षी खुर्च्यांच्या रांगेत मधेच एखादी जागा मोकळी सोडा, मला भिंतीकडेला भांड्यासारखं ठेवू नका. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खुणांची भाषा बोलणारं माणूस आणा आणि त्याच्यासमोर फोटोवाल्यांना उभं करू नका. लोक हसत होते, माना डोलावत होते.

“आनि एक,” ती म्हणाली. “इथल्या संडासाला दोन पायऱ्या हायत. मी सकाळपासून पानी प्यायले न्हाय.”

हसू थांबलं. केसरीनाथच्या हातात सरबताचा ग्लास होता. तो त्यानं हळूच खुर्चीखाली ठेवला.

पाहुणे त्याच वेळी दारात आले. केसरीनाथ सामोरा गेला, हात जोडले, आणि तोंडावर बोट ठेवलं. साहेबांना त्यानं मागच्या भिंतीला लावलेल्या सोफ्यावर बसवलं. साहेब माणूस भला होता, गुपचूप बसला, बिस्कीट खाल्लं. भाषण संपल्यावर ते माझ्यावरूनच वर आले आणि म्हणाले, उतार छान केलाय, नवा दिसतोय. केसरीनाथ फक्त “हो साहेब” म्हणाला. खिशावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला. तबकातल्या कात्रीनं दुपारी जेवणाच्या पाकिटांच्या दोऱ्या कापल्या. खारबावच्या बायकांना त्यांची गाडी मिळाली. बाबू दुपारी बोलला आणि त्यानं सगळ्यांना पोट धरून हसवलं, ते वेगळंच.

परिषद संपली. फलक उतरला, गालिचा गेला. हॉल सांभाळणारा भावेश मला सोडवून गोदामात परत पाठवणार होता, पण दुसऱ्याच दिवशी लग्न होतं आणि वेळ नव्हता. त्या लग्नात नवरीचा शालू इतका जड होता की ती पायऱ्या सोडून माझ्यावरून वर गेली. मागोमाग दोन्हीकडच्या आज्या गेल्या. आहेर न्यायला, फुलांचे हारे चढवायला, कडेवर लेकरं घेतलेल्या बायकांना, सगळ्यांना मीच हवा झालो. पायऱ्यांवर आता चपला ठेवतात. भावेशनं मला खिळे ठोकून पक्का केला. संडासाच्या त्या दोन पायऱ्यांवर केसरीनाथनं सिमेंटचा उतार ओतून घेतला. त्याला नारळ फोडला की नाही, ते मला माहीत नाही. फीत मात्र नव्हती. माणूस एकदम बदलत नाही, पण जरा कलतो.

आता मी इथेच असतो. लाकूड भिजलं की फुगतं, वाळलं की आक्रसतं, तेवढं दुखणं आहे. बाकी बरं चाललंय. कुणी समारंभ करणारं हे ऐकत असेल, तर त्याला माझं सांगणं एवढंच. मला पाहुण्यासारखं मिरवत आणू नका आणि पाहुणे गेले की परत गोदामात टाकू नका. घराला उंबरा असतो तसा मला असू द्या. उंबऱ्याला कुणी भाषणात धन्यवाद देत नाही, आणि तो रागावतही नाही. आणि ज्याच्यासाठी वाट करताय त्याला आधी तिच्यावरून जाऊ द्या, हार आणि फोटो मागाहून सावकाश येतील. त्यांना कुठे गाडी पकडायची असते?

परवा हॉलमध्ये बचत गटांची बैठक होती. मंगलवाद्य नाही, फलक नाही, पंधरावीस बायका आणि चहा. रूपा आली. कुणी मागे वळून पाहिलं नाही. माझ्यावरून ती वर गेली, बोलली, कुणाशी तरी भांडली, हिशेब नीट ठेवत नाही म्हणून एकीला दटावलं, आणि बैठक संपल्यावर खाली यायला लागली.

मला वाटलं, आज थांबेल. आपली एवढी ओळख. निदान कठड्यावर हात ठेवील, काहीतरी म्हणेल. म्हाताऱ्या लाकडालाही थोडी हाव असते.

ती पिशवीत काहीतरी शोधत होती. एक हात पिशवीत, एक चाकावर. माझ्या मधल्या गाठीवरून चाक गेलं तेव्हा तिचं लक्षही नव्हतं. खाली उतरली, तिला घराची किल्ली सापडली, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या रिक्षाकडे ती निघून गेली.